जॅकेट उलटं करून बघा!

सकाळच्या थंडीत वाशिमला नाहीतर अकोल्याला कॉलेज गाठायचं म्हणून मालेगावच्या बसस्टँडवर उभे राहिलात, की जरा आजूबाजूला नजर टाका. मानेशी, मनगटाशी आणि कमरेशी स्वेटरसारखी विणलेली पट्टी, फुगीर बाह्या, डाव्या दंडावर चेनवाला छोटासा खिसा. रंग हिरवा, काळा नाहीतर मरून. कुणी त्याला बॉम्बर म्हणतं, कुणी पायलट जॅकेट. दुकानदार तर 'मिलिटरीचा माल हाये भाऊ, डोळे झाकून घ्या' म्हणून मोकळा होतो.

डोळे झाकून घ्यायची गोष्ट ही नाहीच. दोन-चारशे रुपयांत रस्त्यावर मिळालं, ऊब मिळाली, विषय संपला. पण हल्ली इन्स्टावरच्या थ्रिफ्ट पेजेसवर तेच जॅकेट 'व्हिंटेज एमए-१, ओरिजिनल यूएस एअर फोर्स, सिंगल पीस, नो रिटर्न' असं लिहून पाच-सहा हजारांना लावलेलं दिसतं. घरात नुकतंच सोयाबीन विकलं गेलंय, हातात थोडे पैसे आलेत, फीचा पुढचा हप्ता अजून लांब आहे, आणि बोट त्या 'बुक नाऊ'वर जाऊन थांबलंय. अशा वेळी दोन प्रश्न विचारायला हवेत. हे खरंच विमानदळासाठी शिवलेलं आहे का? आणि असेल, तर नेमकं कुठलं? कारण दिसायला सारखी असलेली ही जॅकेटं एक नाहीत. पंचवीस-तीस वर्षांत त्यांच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या आणि किंमत ठरते ती आवृत्तीवर.

नावं सारखी असली की घोळ कसा होतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बाहेरगावी 'मी मालेगावचा' म्हटलं की समोरचा लगेच यंत्रमागांबद्दल बोलायला लागतो. मग सांगावं लागतं, ते नाशिकचं, आमचं वाशिमचं, मालेगाव जहांगीर. पत्त्यात नुसतं मालेगाव लिहिलं तर तुमचं पार्सल कुठे जाईल याचा नेम नाही. पिनकोड ४४४५०३ लिहिला की प्रश्न मिटला. जॅकेटच्या आतल्या लेबलवरही असेच पिनकोड असतात, फक्त ते वाचता यायला हवेत. त्याकडे येऊच. आधी नुसतं लांबून बघून काय काय कळतं ते पाहू.

आधी मान बघा

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांमधून उडणाऱ्यांना चामड्याची आणि मेंढीच्या कातड्याची जाडजूड जॅकेटं लागायची, कारण तेव्हाच्या बहुतेक विमानांत आतली हवा गरम ठेवायची सोय नव्हती. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरचं तापमान उणे ५० अंशांच्या आसपास असतं. मग जेट विमानं आली. कॉकपिट अरुंद झालं, त्यात जाड कातडं अडचणीचं ठरू लागलं. शिवाय चामडं एकदा भिजलं की जड होतं आणि उंचीवर तो ओलावा गोठतो. उत्तर तयारच होतं. अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९३५ साली नायलॉन बनवलं होतं. आधी त्याचे बायकांचे मोजे निघाले, युद्धात जपानी रेशीम मिळेनासं झाल्यावर पॅराशूटं निघाली, आणि पाठोपाठ जॅकेटं.

पहिलं नाव लक्षात ठेवायचं ते बी-१५. त्याची खूण म्हणजे मानेला फरची कॉलर. दिसायला झकास, पण पॅराशूटच्या पट्ट्यांखाली ती अडचण करायची. म्हणून पुढे फर काढून तिथे विणलेली पट्टी लावली गेली. ही सुधारणा कायम झाली आणि १९५०च्या दशकात त्यातून आलं एमए-१. आपण ज्याला बॉम्बर म्हणतो ते हेच. गंमत बघा, जगभर 'बॉम्बर' म्हणून गाजलेलं हे जॅकेट मुळात जेटच्या जमान्यातलं आहे.

विणलेली कॉलर आहे, पण खांद्यांवर पोलिसांच्या शर्टसारख्या पट्ट्या आहेत आणि कापड पातळ आहे? मग ते एमए-१ नाही, एल-२बी आहे. हे हलक्या थंडीचं जॅकेट. कितीतरी विक्रेते त्याला एमए-१ म्हणूनच विकतात, आणि खरं सांगायचं तर आपल्या कामाचं हेच जास्त आहे. अमेरिकी वायुदलाने जॅकेटं तापमानाच्या पट्ट्यांप्रमाणे वाटून दिली होती. 'लाइट' म्हणजे साधारण १० ते ३० अंश सेल्सियस, 'इंटरमीजिएट' म्हणजे उणे १० ते १०, आणि त्याखाली 'हेवी'. एमए-१ इंटरमीजिएटमध्ये मोडतं, एल-२बी लाइटमध्ये. आता डिसेंबरातली आपल्याकडची पहाट आठवा. पारा दहा-बाराला टेकतो आणि दुपारी अकराला पुन्हा घाम फुटतो. असली, जाड भरणाचं एमए-१ घालून तुम्ही दुपारच्या लेक्चरला बसलात तर तुमचं काय होईल ते बाकावरचा शेजारी सांगेल.

टोपी असेल तर गोष्ट वेगळी. आखूड असेल तर एन-२बी, मांडीपर्यंत लांब आणि टोपीला फरची किनार असेल तर एन-३बी. हे कडाक्याच्या थंडीतले पार्का. आपल्याकडे लडाखच्या ट्रिपशिवाय त्यांचा काही उपयोग नाही, पुढे जाऊ.

आणि कॉलर शर्टसारखी दुमडलेली असेल, पुढे दोन मोठे झाकणवाले खिसे वरून शिवलेले असतील, तर ते सीडब्ल्यूयू-४५/पी. १९७०च्या दशकात एमए-१ची जागा घेतली ती यानेच. त्याचाच पातळ भाऊ सीडब्ल्यूयू-३६/पी. हे दोघं मात्र नायलॉनचे नाहीत, आणि का नाहीत ते आपल्या शेकोटीशी जोडलेलं आहे. थोडं थांबा.

'टॉप गन'मधल्या टॉम क्रूझचं ते प्रसिद्ध चामड्याचं जॅकेट यातलं एकही नाही, बरं का. ते जी-१, अमेरिकी नौदलाचं. 'टॉप गन बॉम्बर' असं लिहिलेली जाहिरात दिसली की विक्रेत्याचा अभ्यास किती आहे ते तिथेच कळतं.

रंग बोलतो

१९४७ साली अमेरिकेचं वायुदल लष्करापासून वेगळं झालं. नवं दल, नवी ओळख म्हणून त्या काळातली जॅकेटं गडद निळी निघाली. एल-२ हिरवट होतं, एल-२ए निळं झालं. कोरिया युद्धाच्या काळात पुन्हा हिरव्याकडे वळले. करडी झाक असलेला जो हिरवा रंग आला, त्याला सेज ग्रीन म्हणतात, आणि एल-२बी त्याच रंगाचं. एमए-१चं नावच या हिरव्याशी जोडलं गेलंय.

मग काळं? काळं एमए-१ अमेरिकी वैमानिकांचा नियमित गणवेश कधीच नव्हता. काळं, मरून, नेव्ही ब्लू हे सगळे बाजाराचे रंग. यातला एक किस्सा मला फार आवडतो. विल्यम गिब्सन या लेखकाने २००३च्या 'पॅटर्न रेकग्निशन' कादंबरीत नायिकेला काळं एमए-१ घातलं, तेही 'बझ रिक्सन्स' या जपानी ब्रँडचं. तो ब्रँड खरा, पण तेव्हा ते काळं बनवतच नव्हते. वाचक मागायला लागले आणि शेवटी त्यांनी खरंच काळं काढलं. म्हणजे एका कादंबरीतल्या चुकीच्या तपशिलाने दुकानात माल आणला! तेव्हा 'ओरिजिनल यूएसएएफ, ब्लॅक' अशी जाहिरात असेल तर पुढचं वाचायची तसदीसुद्धा घेऊ नका.

आता अस्तर. नारंगी अस्तर म्हणजे असली, असा एक समज पक्का बसलाय. अस्तराची गोष्ट खरी आहे. विमान पडलं, वैमानिक वाचला, तर जॅकेट उलटं करून घालायचं, म्हणजे शोधायला आलेल्या हेलिकॉप्टरला तो लांबून दिसेल. पण हे नारंगी अस्तर आलं १९६०च्या सुमारास. त्याआधीची एमए-१ आतूनही हिरवीच होती. म्हणजे '१९५५ मॉडेल, नारंगी अस्तरासहित' असं कुणी विकत असेल तर दोनपैकी एक गोष्ट खोटी आहे. उलट, आज दिल्ली-लुधियानाकडून येणाऱ्या साध्या जॅकेटलाही नारंगी अस्तर असतंच, कारण नारंगी कापड लावायला काही वेगळा खर्च येत नाही. वेगळा खर्च येतो तो खरोखर उलटं घालता यावं अशा चेनला. म्हणून उलटं करून बघा. रनरची पकड दोन्ही बाजूंना फिरते का? आतली शिवण बाहेर आल्यावर नीट दिसते का, की धागे लोंबतायत? आतल्या बाजूलाही हात घालायला खिसे आहेत का? बहुतेक स्वस्त जॅकेटं इथेच पडतात.

चेनवरचं नावही वाचा. जुन्या अमेरिकी जॅकेटांवर टॅलन, कॉनमार, क्राऊन, स्कोव्हिल अशी नावं सापडतात आणि चेन धातूची, जाड, वजनदार असते. पण चेन बदलता येते. आपला कोपऱ्यावरचा टेलरही अर्ध्या तासात बदलून देतो. त्यामुळे एकट्या चेनवर निकाल देऊ नका.

अगदी सुरुवातीच्या एमए-१वर छातीपाशी एक छोटी पट्टी शिवलेली असायची, ऑक्सिजन मास्कची क्लिप अडकवायला, आणि हेडफोनची वायर धरायला आणखी बारके पट्टे. पुढे हेल्मेट-मास्कची रचना बदलली आणि या पट्ट्या गळाल्या. भरणही आधी लोकरीचं होतं, नंतर पॉलिएस्टरचं झालं. दंडावरचा खिसा मात्र कायम राहिला, पेन खोचायच्या कप्प्यांसकट. त्या खिशातून 'रिमूव्ह बिफोर फ्लाइट' लिहिलेली लाल रिबीन लोंबत असेल, तर समजा की हे नागरी बाजारासाठी बनलेलं जॅकेट आहे. ती रिबीन विमानाच्या भागांवर लावतात, उडण्याआधी काढा म्हणून. वैमानिकाच्या बाहीवर तिचं काय काम?

लेबलचा पिनकोड

आता खरी मजा. मानेच्या आत किंवा आतल्या खिशावर एक पांढुरकं नाहीतर काळपट लेबल असतं. त्यावर 'एमआयएल-जे-८२७९' आणि पुढे एखादं अक्षर. एमए-१ हे जॅकेटचं नाव, आणि हा नंबर म्हणजे ते कसं शिवायचं याच्या सरकारी नियमांचा नंबर. नियम बदलले की शेवटचं अक्षर बदलायचं: ए, बी, सी, असं करत एफपर्यंत. आधी सांगितलेली नारंगी अस्तराची आणि पट्ट्यांची भानगड या अक्षरांबरोबरच सरकत गेली.

त्याखाली कंत्राटाचा नंबर असतो. समजा लिहिलंय 'डीएसए १००-६९' आणि पुढे आणखी आकडे. डीएसए म्हणजे डिफेन्स सप्लाय एजन्सी, अमेरिकी सैन्याची खरेदी करणारं खातं. ६९ म्हणजे ते कंत्राट १९६९च्या आर्थिक वर्षातलं. एवढं कळलं की जॅकेटचं वय कळलं. पण थांबा, या खात्याचा कारभार सुरू झाला १९६२ साली, आणि १९७७ मध्ये नाव बदलून ते डीएलए झालं, डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी. तेव्हा डीएसएच्या लेबलवर ५८ साल असेल किंवा डीएलएच्या लेबलवर ६८, तर नक्कल करणाऱ्याला इतिहास येत नव्हता.

अजून एक आकडा बघायचा, साठ्याचा नंबर. तो ८४१५ने सुरू होतो, कारण तो त्या प्रकारच्या कपड्यांचा वर्ग आहे. १९७४पर्यंत हा नंबर एकूण ११ आकडी होता. त्या वर्षी मधे देशाचे दोन आकडे घातले आणि तो १३ आकडी झाला, जसं ८४१५-०० आणि मग उरलेले. कागदावर लिहून मोजा. कंत्राट ६६ सालचं आणि नंबर १३ आकडी, असं असेल तर लेबल खोटं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. लेबल चुकलं तर जॅकेट खोटं ठरतं, पण लेबल बरोबर असलं म्हणून जॅकेट खरं ठरत नाही. जुन्या लेबलची हुबेहूब नक्कल करता येते, आणि जपानी कंपन्या तर ती प्रामाणिकपणे, उघडपणे करतात. त्यांची जॅकेटं रिप्रॉडक्शन म्हणूनच विकली जातात, काही दहा हजारांत जातात आणि शिवण कधीकधी मूळ जॅकेटपेक्षा सरस असते. अल्फा इंडस्ट्रीजचंही तसंच. १९५९ साली टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये सुरू झालेली ही कंपनी आधी सैन्यासाठी शिवायची, नंतर दुकानांसाठीही शिवू लागली. म्हणून 'अल्फा आहे' एवढ्याने काही ठरत नाही. अल्फाचं कंत्राटी जॅकेट वेगळं आणि मॉलमधलं वेगळं. मॉलवाल्याच्या आत कुठेतरी शिवणीत आणखी एक छोटं लेबल सापडेल, धुण्याच्या चिन्हांचं, कापडाच्या टक्केवारीचं, 'मेड इन' अमुक देशाचं. विक्रेते बरेचदा हेच लेबल कापून टाकतात. कापल्याचा कापडी दांडा शिवणीत राहतो. बोटाने चाचपून बघा.

राहता राहिली 'परदेशातून थेट गठ्ठे उघडतो' ही गोष्ट. वापरलेले कपडे भारतात आणायला सरकारी परवाना लागतो. जे परदेशी जुने कपडे येतात, त्यातले ढीगच्या ढीग फाडून पानिपतला धागा करायला जातात. काही चांगले तुकडे बाजारात निसटतात, नाही असं नाही, मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात नशीब फळू शकतं. पण प्रत्येक पेजवर दर आठवड्याला 'सिंगल पीस' असली एमए-१ निघत असेल, तर हिशेब तुम्हीच करा. त्यापेक्षा हिवाळ्यात अकोल्या-नागपूरकडे तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात, तिथला माल बरा. तो बहुतेक लुधियानाचा असतो आणि ते तसं सांगतातही. विंटेज असल्याचा आव नाही, भावही त्या मानाने.

शेकोटीपाशी जरा सांभाळून

आता सीडब्ल्यूयूचं राहिलेलं. हिवाळ्यात हुरडा असतो, शेतात शेकोटी असते, सगळे गोल करून बसतात. एक ठिणगी उडते आणि बॉम्बरच्या बाहीला भोक पडतं, कडा काळ्या आणि कडक. सुती शर्टाला ठिणगीने भोक पडतं तसं हे नसतं. नायलॉन वितळतं, प्रकाराप्रमाणे २२० ते २६० अंशांच्या आसपास. वितळलेलं नायलॉन कातडीवर पडलं तर चिकटून बसतं आणि काढायला गेलं की कातडीही घेऊन येतं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात विमानं-हेलिकॉप्टरं पेटली तेव्हा हा धोका समोर आला आणि म्हणून नॉमेक्स हे कापड आलं. ते वितळत नाही, थेंब गळत नाही, काळं पडून कोळशासारखं होतं. सीडब्ल्यूयू-४५/पी आणि ३६/पी या कापडाचे असतात.

इथेच नकली सीडब्ल्यूयू पकडण्याची खूण मिळते, कारण बाजारातली बरीचशी नायलॉनचीच असतात. विक्रेत्याची परवानगी घेऊन आतल्या शिवणीतला एक सुटा धागा काढा, चिमट्यात धरा, अंगणात जाऊन लायटर लावा. धागा आक्रसून टोकाला कडक मणी झाला तर नायलॉन नाहीतर पॉलिएस्टर. नुसता जळून काळा पडला आणि ज्योत काढताच विझला तर नॉमेक्स असू शकतं. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर. हे फक्त सुट्या धाग्यावर करायचं, जॅकेटवर नाही, आणि अंगात असताना तर मुळीच नाही.

एवढं सगळं झाल्यावरही एक गोष्ट एमए-१ करू शकत नाही. बाइकवरून पडलात तर ते वाचवत नाही. अकोला रोडवर नाहीतर समृद्धीच्या बाजूने गाडी मारताना त्याला रायडिंग जॅकेट समजू नका. त्यात कोपराला, खांद्याला गादी नसते, आणि घसरल्यावर पातळ नायलॉन डांबरावर टिकत नाही. गरम सायलेन्सरला लागलं तरी चिकटतं.

अग्निवीर किंवा पोलिस भरतीची तयारी करणारे पुष्कळ जण सकाळी ग्राउंडवर असतात. त्यांच्यासाठी आणखी एक. परदेशी जुनं जॅकेट घालायला कुणाची हरकत नाही. पण त्यावर भारतीय सैन्याची किंवा वायुदलाची चिन्हं, नेमप्लेट, पंख लावून टोलवर किंवा हॉटेलात 'फौजी' म्हणून मिरवू नका. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं म्हणून सैनिकासारखा पोशाख घालणं किंवा खूण बाळगणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भरतीच्या आधी अंगावर केस म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा त्या 'बुक नाऊ'वर बोट ठेवण्याआधी विक्रेत्याला एवढंच लिहा: दादा, लेबलचा जवळून फोटो, चेनच्या रनरचा दोन्ही बाजूंनी फोटो, आणि जॅकेट उलटं करून एक फोटो पाठवा. अभ्यासू विक्रेता खूश होऊन चार फोटो जास्तच पाठवतो. 'घ्यायचं असेल तर घ्या' असं उत्तर आलं तर पैसे खात्यातच राहू द्या. फोटो आले, आकडे जुळले, भाव परवडला, तर घ्या बिनधास्त. मनगटाच्या पट्टीला एखादं भोक असेल तर काळजी नको, ती लोकरीची असते आणि कसर लागणं साहजिक आहे. डांबरगोळ्या ठेवा. थंड पाण्यात हाताने धुवा, सावलीत वाळवा. आणि आईने सवयीने इस्त्रीच्या ढिगात टाकलं असेल, तर धोब्याकडे जायच्या आत आधी ते काढून घ्या.